घरामागच्या खुंट्या

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. मी तेव्हा सव्विशीत होते, गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि दादा-वहिनीकडे राहत होते. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. कुठून रस्ता जाणार, कुठे घरं होणार आणि कुठे काहीच होऊ द्यायचं नाही, हे नगरपालिकेत बसून ठरवण्याचं काम त्याच्याकडे होतं. गाव त्याला ‘नकाशेवाले’ म्हणे. तोंडावर मानाने, पाठीमागे जरा नाक मुरडून.

आमचं घर गावाच्या शेवटच्या रांगेत होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की आधी परस, मग बांधावरचा कच्चा रस्ता, त्याच्या पलीकडे हिरवंगार कुरण आणि कुरण संपलं की लव्हाळ्यातून चमकणारं पाणी. त्या कुरणासारखं कुरण मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. पाय ठेवला की गादीसारखं दबायचं आणि पाय उचलला की वर यायचं. मुलं तिथे मुद्दाम उड्या मारायला जात. ‘जमीन मऊ आहे,’ एवढंच आम्ही सगळे म्हणत असू. मऊ का आहे, हे विचारायचं कुणाला कधी सुचलं नाही.

त्या वर्षी गावावर तीन गोष्टी एकदम चालून आल्या. नव्या वीजकेंद्राची मोठी वीजवाहिनी, पाण्याचा मुख्य नळ आणि आमच्या एक्स्चेंजची केबल. तिघांनाही गावाच्या याच अंगाने जायचं होतं. वीज कंपनीचं म्हणणं, आम्ही सरळ पाण्यावरून जातो, मनोऱ्यांचे पाय खोल घालतो, तुम्हाला त्रास नको. ते ऐकून बगळेबाई पेटल्या. बगळेबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून पाणथळीवर पाखरं बघत हिंडायच्या, म्हणून हे नाव. त्यांनी निम्म्या गावाच्या सह्या घेऊन हरकत दाखल केली. उरलेलं निम्मं गाव आमच्या रांगेच्या बाजूचं. त्यांना आपल्या डोक्यावरून तारा नको होत्या.

दादाने यातून वाट काढली. तिघांनी तीन ठिकाणी जमीन चिरण्यापेक्षा एकच पट्टा आखायचा आणि तिन्ही गोष्टी त्यातून न्यायच्या. पट्टा कुरणाच्या मधोमध, म्हणजे घरांपासूनही लांब आणि पाण्यापासूनही लांब. दोन्ही बाजू कुरकुरत का होईना, तयार झाल्या. सुनावणीची तारीख लागली. पट्टा लोकांना डोळ्यांनी दिसावा म्हणून कुरणात पांढऱ्या टोकांच्या खुंट्या रोवल्या. नळाचा कंत्राटदार मोकळाच होता. दादाने त्याला बांधाच्या पायथ्याशी चर खणायला सांगून टाकलं. “पट्टा इकडेतिकडे झाला तरी नळ बांधालगतच येणार आहे,” तो म्हणाला. चर झाला आणि त्यात पाणी भरलं. पाणथळीच्या कडेच्या चरात पाणी भरणारच.

आणि मग खुंट्या हलायला लागल्या.

आधी लक्षात आलं ते वीज कंपनीच्या इंजिनिअरच्या. कंपनीने पाठवलेला बारीक अंगाचा, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस. गावात कुणावरही विश्वास न ठेवण्याची शपथ घेऊनच आला होता जणू. एके सकाळी तो तडक आमच्या दारात.

“नकाशेवाले, तुमच्या खुंट्या पाण्याकडे सरकल्यात.”

“सरकल्यात म्हणजे?”

“म्हणजे कुणीतरी सरकवल्यात. आणि सगळ्या नाहीत. दोन्ही टोकांच्या जागच्या जागी आहेत. फक्त मधल्या.” त्याने आमच्या परसाकडे हनुवटी केली. “तुमच्या घरामागच्या.”

दादाने त्याला चहाला बसा म्हटलं. तो बसला नाही.

खुंट्या पुन्हा रोवल्या. दोन दिवसांत पुन्हा पाण्याकडे गेल्या. मग एकदा उलट्या, घरांकडे आल्या. त्या दिवशी आमची सगळी रांग बगळेबाईंच्या नावाने बोटं मोडायला लागली. शेजारचे शिंपीकाका तर कात्री हातात घेऊनच कुंपणाशी आले.

“म्हातारीची करामत आहे, ठके. पाखरांना जागा हवी म्हणून आमच्या उरावर तारा आणतेय. ती दुर्बीण पाखरं बघायला नाही, आपल्यावर नजर ठेवायला आहे.”

“काका, त्या बिचाऱ्या सत्तरीच्या. खुंटी उपटतील कशा?”

“बिचाऱ्या! त्या बिचारीच्या छडीच्या खुणा अजून आहेत माझ्या तळहातावर.”

बगळेबाईंना मात्र मुळीच शंका नव्हती. बाजारात त्यांनी मला चारचौघांत थांबवलं. “तुझ्या भावाला सांग, माझ्या वर्गात तो कॉपी करायचा तेव्हाही शाई बोटांना लागायची. आता चिखल बुटांना लागतो.”

मी तणतणत घरी आले खरी, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण दादाच्या बुटांना चिखल असायचा. तो पहाटे उठायचा, मागच्या दाराची कडी अलगद काढायचा आणि तासाभराने परत यायचा. मी अंथरुणात पडून ऐकत असे. विचारलं तर म्हणे, “फिरायला गेलो होतो.” जन्मात कधी फिरायला न गेलेला माणूस!

एक्स्चेंजमध्ये आम्ही बायका कुणाचं बोलणं ऐकत नसू, असं आम्ही सगळ्यांना सांगत असू. इंजिनिअरचा ट्रंककॉल मीच जोडला होता. तो त्याच्या वरिष्ठाला सांगत होता, “सर, नकाशेवाल्याचं स्वतःचं घर त्याच रांगेत आहे. पाणी कुठे मुरतंय ते समजून घ्या. सुनावणीत मी एवढंच मांडणार, की इथल्या आखणीवर भरवसा ठेवता येत नाही. मग आपली मूळची सरळ लाइन मंजूर होईल.” पलीकडचा हसला. मी हेडफोन काढून ठेवला आणि पाणी प्यायले.

म्हणजे आता गोष्ट एवढीच होती. सुनावणीच्या आत खुंट्या का हलतात ते कळलं नाही, तर दादा सगळ्या गावासमोर लबाड ठरणार होता आणि तारा पाण्यावरून जाणार होत्या. आणि खुंट्या दादाच हलवत असला, तर तो खरोखरच लबाड होता. मला या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त भीती वाटत होती.

घरात कुणी कुणाशी सरळ बोलेना. वहिनी दादाकडे पाहायची, दादा वहिनीकडे पाहायचा, आणि दोघं माझ्याकडे पाहायला लागले की मी ताटात पाहायची. एकदा जेवताना दादा सहज म्हणाला, “परसात काम असेल तर मला सांगत जा. तू बांधापलीकडे जाऊ नकोस.” वहिनीने लगेच विचारलं, “का? बांधापलीकडे काय ठेवलंय तुम्ही?” “मी? मी काय ठेवणार?” “मग मी गेले तर काय बिघडतं?” त्यावर दादाने आमटीसाठी वाटी पुढे केली.

मी माझ्यापुरता उपाय काढला. शिंपीकाकांकडून लाल अस्तराची चिंधी आणली आणि संध्याकाळी कुरणात जाऊन आमच्या घरामागच्या खुंटीशेजारच्या लव्हाळ्याच्या जुडग्याला बांधली. खुंटीपासून बरोबर एक वीत. खुंटी हलवणारा घाईत असणार, चिंधीकडे त्याचं लक्ष जाणार नाही. खुंटी गेली की चिंधी मागे राहील आणि कुठून कुठे नेली ते कळेल. मऊ मातीत बुटांचे ठसेही उठतील. दादाचे बूट मी चांगले ओळखत होते. डाव्याची टाच झिजलेली.

सकाळी उजाडल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. टोकाच्या खुंट्या ओळीत होत्या. मधल्या पाण्याकडे गेल्या होत्या.  मी तशीच चपला अडकवून बांध उतरले. चरावर टाकलेली फळी आज जेमतेम पुरत होती, तिचं टोक अगदी काठाला आलेलं. मी जपून पलीकडे गेले.

खुंटीपाशी पोचले आणि खाली बघतच राहिले. चिंधी खुंटीच्या शेजारीच होती. वीत लावून पाहिली. बरोबर एक वीत. पुन्हा लावली. आजूबाजूला एकही ठसा नव्हता, माझे सोडून.

“तर तू आहेस होय!”

मागे दादा उभा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट चिखलाने माखलेले.

“मी? मी काय?” माझा आवाज चिरकला. “तू रोज पहाटे इथे काय करतोस ते सांग आधी!”

“मी पाळतीवर असतो. कोण खुंट्या हलवतं ते बघायला. आणि माझीच बहीण...”

“मीही पाळतीवरच आहे. तुझ्या!”

आम्ही दोघं एकमेकांकडे रागाने बघत राहिलो. मग मी त्याला चिंधी दाखवली. त्याला आधी कळेना. मी म्हटलं, “अरे, खुंटी कुणी उपटून नेली असती, तर चिंधी आपल्या जागी राहिली असती. चिंधी तर लव्हाळ्याला आहे. लव्हाळं कोण उपटून नेईल?”

 दादाने मागे वळून चराकडे पाहिलं आणि तो त्या फळीवर किती तरी वेळ डोळे लावून उभा राहिला. “परवा ही फळी दोन्हीकडे हातहातभर उरत होती,” तो हळूच म्हणाला. मग तो परसात गेला, कपडे वाळत घालायची लांब काठी घेऊन आला आणि आमच्या पायांमधल्या गवतात ती खुपसली. हातभर जाईपर्यंत मुळांनी अडवलं. नंतर काठी सर्रकन खाली गेली, पार त्याच्या मुठीपर्यंत, आणि तिच्या भोवतीने गार, काळं पाणी वर आलं.

आम्ही जमिनीवर उभे नव्हतोच. वर्षानुवर्षं पाण्यावर वाढलेल्या, मुळं मुळांत गुंतलेल्या एका तरंगत्या गादीवर उभे होतो. ती बांधाला चिकटून होती तोवर जागची हलत नव्हती. नळाच्या चराने तिची ही कड कापली आणि ती मोकळी झाली. वारा घरांकडून वाहिला की पाण्याकडे, पाण्याकडून वाहिला की घरांकडे. आपल्यावरच्या खुंट्या, लव्हाळं, सगळं घेऊन. दोन्ही टोकांच्या खुंट्या तेवढ्या खऱ्या जमिनीत होत्या, म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत.

“चर मी खणायला लावला,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा कुणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला होता.

घरी आल्यावर आम्ही वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग आधी काय विचारलं असेल, तर, “म्हणजे तुम्ही पहाटे फिरायला जात नव्हतात?”

“नाही.”

“पाळत ठेवायला जात होतात. कुणावर?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी काही त्याच्या मदतीला गेले नाही. “तुझ्यावर,” तो शेवटी म्हणाला. “पहिल्याच आठवड्यात मी तुला कुरणात बघितलं होतं. खुंटी हातात घेऊन उभी होतीस.”

वहिनीचा चेहरा लाल झाला. “हो, होते. एकदा उपटली मी. वाटलं, थोडी पलीकडे सरकवावी, आपलं परस आणखी लांब राहील. मग वाटलं, यांचं काम आहे, यांनी विचार करून रोवली असेल. होती तिथेच परत खोचली.” ती थांबली. “आणि तुम्ही महिनाभर मला चोर समजून माझ्याच हातचं जेवत होतात?”

“तू मला काय समजत होतीस?”

“मला वाटलं, दुसरं काहीतरी आहे. माणूस पहाटे बूट घालून कुठे जातो म्हणून.”

मला हसू फुटलं. त्यांना नाही फुटलं. कारण दादाने मग टेबलावर नकाशा उघडला आणि कुरणाच्या हिरव्या रंगावर बोट ठेवलं. “हे सगळं पाणीच आहे. पाणथळ लव्हाळ्यापाशी संपत नाही, बांधाशी संपते. पट्टा इथून नेता येणार नाही.”

“मग कुठून?”

बोट बांधावर आलं, थोडं अलीकडे सरकलं आणि थांबलं. आमच्या परसावर. स्वयंपाकघराच्या भिंतीवर. आम्ही बसलो होतो तिथलीच भिंत.

वहिनी बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. हे स्वयंपाकघर तिने स्वतः मागे लागून बांधून घेतलं होतं. ओट्याची उंची तिच्या मापाची. ती हळूच म्हणाली, “आणि बोललोच नाही आपण तर?”

“तर घर राहील. इंजिनिअर उभा राहून सांगेल की मी खुंट्या सरकवल्या, आणि लाइन सरळ पाण्यावरून जाईल.”

“तुमचं नाव जाईल.”

“हो.”

“आणि बोललात तर भिंत जाईल.” ती उठली, ओट्याशी गेली, उगाचच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. “मला विचारू नका. मी भिंतीच्या बाजूने बोलेन. तुम्ही काय करणार ते मला माहीत आहे, तेच करा.”

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांत बसले. इंजिनिअरने शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. कोणत्या खुंट्या हलल्या आणि त्या कुणाच्या घरामागच्या. नाव त्याने घेतलं नाही. घेण्याची गरज नव्हती.

दादा उठला आणि म्हणाला, “खुंट्या कुणी हलवल्या नाहीत. जमीन हलते.”

सगळं सभागृह हसलं. “भाऊसाहेब, जमीन फिरायला जाते का?” कुणीतरी ओरडलं. बगळेबाई उठून उभ्या राहिल्या. “उत्तर येत नसलं की हा असंच काहीतरी लिहायचा.”

“बाई, तुम्ही चला आणि बघा,” दादा म्हणाला. “सगळेच चला.”

सगळे आले. तमाशा कोण सोडतो? बांधावर ही गर्दी. इंजिनिअरने आपली तिपाईवरची दुर्बीण बांधावर पक्की रोवली, आमच्या मागच्या खुंटीवर रोखली आणि तिच्यापासून हलला नाही. त्याआधी त्याने खुंटीला कुठे दोरी वगैरे बांधलीय का, हे स्वतः जाऊन चाचपून पाहिलं होतं. वारा घरांकडून होता. आम्ही वाट बघत उभे. लोक कंटाळून गप्पा मारायला लागले, तेव्हा इंजिनिअरने दुर्बिणीवरचा डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळा लावला.

“कुणी हात लावला का?” त्याने विचारलं.

“कुरणात आहे कोण हात लावायला?” शिंपीकाका म्हणाले.

बगळेबाईंनी त्याला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. त्या बराच वेळ वाकून होत्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी दादाकडे पाहिलं नाही, चराकडे पाहिलं. “चाळीस वर्षं मी यावरून चालतेय,” एवढंच म्हणाल्या.

दादाने तिथेच, बांधावर उभं राहून सांगितलं, की चर त्याच्या हुकुमाने खणला गेला, तो बुजवला जाईल, कुरण पाणथळीतच धरलं जाईल आणि पट्टा बांधाच्या रस्त्यावरून, रांगेच्या मागच्या परसांतून जाईल. पहिलं परस त्याचं स्वतःचं.

मला वाटलं होतं, आता तरी संशय फिटला. कसला फिटतोय! पट्टा मंजूर झाला आणि आठवड्यातच रांगेत कुजबुज सुरू झाली, की नकाशेवाल्याने भरपाईसाठीच हे जुळवून आणलं. घर जुनं झालं होतं, मागची बाजू सरकारच्या गळ्यात मारली. शिंपीकाकांची मागची खोली गेली. जन्मभर मला ‘ठके, ठके’ करणारे काका मला बघून दुकानाचं शटर ओढून घ्यायला लागले. इंजिनिअरचा जाताना ट्रंककॉल मीच जोडला. तो सांगत होता, “जमीन तरंगते हे खरं आहे, सर. पण मला वाटतं, नकाशेवाल्याला ते आधीपासून माहीत असावं.”

मी त्याची लाइन तोडली. नोकरीत एवढं एकदाच केलं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

पुढे काय झालं ते सांगते. इंजिनिअर बढती मिळून मोठ्या शहरात गेला आणि पुढे पाणथळ भागातल्या मनोऱ्यांच्या पायांचा जाणकार म्हणून त्याचं नाव झालं, असं मी वर्तमानपत्रात वाचलं. बगळेबाईंनी आणखी नऊ वर्षं पाखरं बघितली. दादाची त्यांनी कधी माफी मागितली नाही, पण दर वर्षी नवी पाखरं आली की निरोप पाठवायच्या, “नकाशेवाल्याला सांगा, येऊन बघून जा.” तो जायचा. शिंपीकाका मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. आमच्याशी बोलले नाहीत ते नाहीतच.

दादा त्याच खुर्चीवरून निवृत्त झाला. वर सरकला नाही, कारण त्याच्या फाइलीत कुणीतरी ‘स्वतःच्या मिळकतीशी संबंध’ असा शेरा मारून ठेवला होता आणि तो कुणी खोडला नाही. तो गेला त्याला आता एकवीस वर्षं झाली. माझी नोकरी एक्स्चेंजच बंद होईपर्यंत चालली. लग्न मी केलं नाही. वहिनीने पुढच्या खोलीत नवा ओटा घालून घेतला. तो तिच्या मापापेक्षा उंच झाला, आणि शेवटपर्यंत ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करत असे. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसले होते. बाहेर तारांचा गूं गूं आवाज येत होता, पावसाळी हवेत जास्तच येतो. ती मला म्हणाली, “खरं सांग. त्यांना आधीपासून माहीत होतं का गं?”

मी म्हटलं, “नाही, वहिनी. मी तिथेच होते. त्याच्या हातातली काठी खाली गेली तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिलाय.”

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी खोटं तर बोलत नाही ना, अशा नजरेने. आणि मग म्हणाली, “बरं.”